पुस्तक आलंय, पण उघडायचा धीर होत नाहीये

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारे एक्केचाळीस वर्षांचे, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, हाताखाली सात-आठ जणांची टीम. कॉलेजात असताना एका सरांच्या टेबलावर त्यांनी अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग'चे तीन खंड पाहिले. सर म्हणाले, चौथा यायचाय, लोक तीस वर्षं वाट बघतायत. नोकरी लागल्यावर यांनी तिन्ही खंड घेतले आणि मनाशी ठरवलं की सेट पूर्ण झाला की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. २०११ मध्ये चौथ्याचा पहिला भाग आला, ४ए, तो घेतला. २०२२ च्या शेवटी ४बी आला, त्याची तर आधीच ऑर्डर टाकून ठेवली होती, हातात आला त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना दाखवला. त्यावरचं प्लास्टिक आजही तसंच आहे. टीममधला एक तरुण मुलगा म्हणाला, "सर, आता कोड एआय लिहितो, हे कशाला?" बायको म्हणाली, "एक तर वाच, नाहीतर देऊन टाक, पण त्या कपाटाकडे बघून उसासे टाकू नकोस." ते विचारतात: ताई, विकून टाकू का? की आता तरी सुरू करू? आणि हे न वाचता अठरा वर्षं या धंद्यात राहिलो, म्हणजे मी खरा इंजिनिअर आहे की नाही?

---

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थांबले, ते म्हणजे "सेट पूर्ण झाला की". तुम्ही ते अगदी सहज लिहून गेलात, पण मला वाटतं तुमची सगळी अडचण तिथेच आहे, एआय वगैरे नंतरचं.

हा सेट कसा कसा आला ते जरा बघू या, तुम्हाला बरंचसं माहीत असेल तरी. जानेवारी १९६२ मध्ये कनूथ कॅलटेकमध्ये शिकत होते, चोवीस वर्षांचे, पीएचडीसुद्धा झालेली नव्हती, आणि ॲडिसन-वेस्ली या प्रकाशकांनी त्यांना कंपायलरवर, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामवर, एक पुस्तक लिहाल का असं विचारलं. एक पुस्तक. त्यांनी बारा प्रकरणांची यादी केली आणि लिहीत सुटले. १९६५ पर्यंत हाताने लिहिलेली तीन हजार पानं झाली आणि मग हिशोब केल्यावर लक्षात आलं की हे एका पुस्तकात मावणारच नाही, सात खंड लागतील. १९६८ मध्ये पहिला आला, १९६९ मध्ये दुसरा, १९७३ मध्ये तिसरा. चौथ्याचा पहिला भाग यायला २०११ उजाडलं, म्हणजे अडतीस वर्षं. आता यातली खरी गंमत बघा, ज्या विषयासाठी पुस्तक मागितलं होतं तो कंपायलर, तो सातव्या खंडात ठरलाय आणि अजून यायचाय.

म्हणजे तुम्ही ज्या दिवसाची वाट बघताय तो दिवस कॅलेंडरवर नाहीच. चौथाच अजून पूर्ण झालेला नाही, त्याचे पुढचे भाग आहेत. कनूथ यांचा जन्म १९३८ चा. मला तुम्हाला घाबरवायचं नाहीये, त्यांना उदंड आयुष्य लाभो हे मी मनापासून म्हणते, पण हा सेट कधी पूर्ण होईल हे कोणीच सांगू शकत नाही हे तुम्ही आणि मी मान्य करून टाकू या.

आणि हेही लक्षात घ्या की तुमचा नियम त्यांनी स्वतःला लावला असता तर आपल्या हातात एक पानही आलं नसतं. त्यांनी काय केलं? २००५ पासून चौथ्या खंडाचा मजकूर छोट्या छोट्या पुस्तिकांमधून छापायला सुरुवात केली, फॅसिकल म्हणतात त्यांना. लोकांनी वाचल्या, चुका काढल्या, त्या दुरुस्त झाल्या आणि मग त्या जोडून खंड झाला. ४बी मधला सॅटिस्फायबिलिटीचा मोठा भाग २०१५ मध्येच सहावी पुस्तिका म्हणून आला होता, बॅकट्रॅकिंग (अडलं की मागे येऊन दुसरी वाट धरायची) आणि डान्सिंग लिंक्स २०१९ मध्ये पाचवी म्हणून, या विषयांवर पुढे येतेच. ४बी नंतरची सातवी पुस्तिका २०२५ मध्ये आलीसुद्धा. लिहिणारा माणूस तुकड्यातुकड्याने पुढे चाललाय आणि वाचणारा अख्ख्यासाठी थांबलाय, हे मला तरी उलटं वाटतं.

मला असं वाटतं की वाट बघणं तुम्हाला सोयीचं होतं. रागावू नका. जोवर पुढचा खंड यायचा होता तोवर न वाचण्याला कारण होतं, आणि कारण चांगलंही होतं, कोणालाही सांगण्यासारखं. ४बी हातात आल्यावर ते कारण संपलं म्हणून प्लास्टिक काढवत नाहीये. पुस्तक अवघड आहे ही भीती त्याच्या मागे आहे आणि ती खरी आहे, पुस्तक अवघडच आहे.

आता तो दुसरा प्रश्न, खरा इंजिनिअर की नाही. हा प्रश्न बऱ्याच जणांना छळतो, मला याआधीही दोन-तीन जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय. याचं एक कारण म्हणजे या पुस्तकांभोवती जे वलय झालंय ते. बिल गेट्स म्हणाले होते की हे सगळं वाचू शकत असाल तर मला तुमचा बायोडेटा नक्की पाठवा, आणि ते वाक्य इतकं फिरलं की लोक पुस्तकाकडे परीक्षेसारखं बघायला लागले, पास किंवा नापास. पण पुस्तक स्वतः असं काही म्हणत नाही हो. पहिल्या खंडाच्या सुरुवातीला ही पुस्तकं कशी वाचायची त्याचा चक्क फ्लोचार्ट दिलाय, पायऱ्यांसकट. तुमच्याकडे आहे, उघडून बघा. त्यात लिहिलंय की ज्या विभागावर चांदणी आहे तो पहिल्या वाचनात सोडला तरी चालेल. प्रकरण आवडीचं नसेल तर पहिली दोन प्रकरणं निदान चाळा आणि पुढची असतील तर सरळ ओलांडून जा अशी सोय आहे. आणि त्यात एक पायरी अशीही आहे की दमलात का, मग झोपा, उठून परत सुरू करा. ज्या लेखकाने झोपायला सांगितलंय त्याच्या पुस्तकाने तुमची झोप उडावी हे काही बरोबर नाही.

दुसरं म्हणजे तुम्ही धरून चाललाय की हे वाचणाऱ्याला सगळं येतं आणि लिहिणाऱ्याचं कधी चुकत नाही. त्यांनी पहिल्यापासून जाहीर करून ठेवलंय की माझ्या पुस्तकात चूक दाखवा, बक्षीस देतो. एका चुकीला २.५६ डॉलर, कारण दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलं (हेक्साडेसिमल) तर २५६ हा आकडा १०० असा लिहितात, म्हणजे २५६ सेंट हा त्या पद्धतीतला एक डॉलर. लोक ते चेक वटवायचे नाहीत, फ्रेम करून भिंतीवर लावायचे. चेकवरच्या खाते नंबरांचा गैरवापर व्हायला लागल्यावर २००८ पासून त्यांनी खऱ्या चेकऐवजी एका काल्पनिक बँकेची सर्टिफिकेटं द्यायला सुरुवात केली. सांगायचं कारण इतकंच की आपल्या चुका शोधायला जगाला पैसे देऊन बोलावणारा माणूस तुमच्या न वाचण्याबद्दल तुम्हाला कमी लेखेल असं मला अजिबात वाटत नाही.

तिसऱ्या खंडात बायनरी सर्चबद्दल, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत मधोमध बघून अर्धी यादी बाद करत शोधायच्या पद्धतीबद्दल, जे आलंय तेही इथे आठवतं. आपण कॉलेजात दहा ओळींत लिहितो ती पद्धत १९४६ मध्येच मांडली गेली होती, पण कितीही लांबीच्या यादीवर बरोबर चालेल अशी छापील पद्धत यायला त्यानंतर दहाहून जास्त वर्षं गेली. त्या काळातले अतिशय हुशार लोक होते ते. हे वाचलं तेव्हा मला खूप धीर आला होता, कारण कडेच्या केसमध्ये चुकणं हे माझं एकटीचं नाही हे कळलं.

माझं सांगते. मी स्वतः बरीच वर्षं कोड लिहिलाय आणि पहिला खंड तीन वेळा सुरू केला, तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडकले. पहिला अल्गोरिदम (प्रश्न सोडवायच्या ठरलेल्या पायऱ्या) युक्लिडचा, म्हणजे शाळेतला आपला मसावि, भागा, बाकी शून्य आहे का बघा, नसेल तर आकडे सरकवून परत भागा. किती छान सुरुवात आहे. पण त्यानंतर गणिताची जी तयारी येते, इंडक्शन, बायनॉमियल, हार्मोनिक नंबर, जनरेटिंग फंक्शन, तिथे दरवेळी पुस्तक मिटायचं. चौथ्या वेळी मी तिसरा खंड घेतला आणि मधूनच, सर्चिंगच्या प्रकरणापासून सुरुवात केली, कारण कामात तेव्हा हॅशिंगचा, म्हणजे माहितीवरूनच तिची साठवायची जागा काढायच्या पद्धतीचा, एक प्रॉब्लेम डोकं खात होता. आणि मग चालत राहिलं. गणित लागलं तेव्हा मागे जाऊन तेवढंच वाचलं, आणि तेव्हा ते कळलं कारण ते कशासाठी हवंय हे माहीत होतं. आजही माझे सगळे खंड वाचून झालेले नाहीत आणि मला त्याची खंत नाही.

म्हणून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हा बेत मला तुमच्यासाठी पटत नाही. काही जणांना तो जमतो, ज्यांना गणिताची गोडी आहे आणि रोजचा तासभर मोकळा आहे त्यांनी जरूर करावा. पण एक्केचाळिसाव्या वर्षी, टीम सांभाळून, अठरा वर्षांची अपराधी भावना घेऊन पान एकवर बसलात तर जिथे मी तीनदा थांबले तिथेच तुम्हीही थांबाल, आणि मग स्वतःला आणखी एक दोष द्याल.

विकण्याबद्दल. तुमच्या बायकोचं म्हणणं मला योग्य वाटतं, त्यांनी विका असं म्हटलंच नाहीये, त्या म्हणतायत काहीतरी एक ठरव. तुम्हाला या विषयात आता खरंच रस उरला नसेल, व्यवस्थापनात मन रमलं असेल, तर देऊन टाकण्यात काहीही कमीपणा नाही. एखाद्या कॉलेजच्या लायब्ररीला द्या, तुम्ही जसे सरांच्या टेबलावर पाहिलेत तसे कोणीतरी पाहील. पण तुम्ही २०२२ मध्ये आधीच ऑर्डर टाकून ठेवलीत आणि आल्याच्या दिवशी सगळ्यांना दाखवलंत. ज्याचा रस संपलाय तो माणूस असं करत नाही. त्यामुळे आत्ता देऊ नका असं माझं मत आहे. आधी एकदा आत जाऊन या, मग ठरवा.

त्या तरुण मुलाच्या प्रश्नाला मात्र उत्तर द्यायला हवं, त्याने ते उद्धटपणे विचारलं असेल असं मला वाटत नाही. त्याला सांगा की कामासाठी स्वतःचं सॉर्ट (यादी क्रमाने लावायचा कोड) लिहायची वेळ तर एआयच्या कितीतरी आधीच गेली, प्रत्येक भाषेच्या लायब्ररीत ते तयार मिळतं. तिसरा खंड लोक त्यासाठी वाचत नव्हतेच. एकाच प्रश्नाच्या दहा पद्धती शेजारी शेजारी ठेवून कुठली कधी आणि का जिंकते हे मोजायचं कसं, ते शिकायला वाचत होते. आता एआयने दिलेला कोड समोर आला की नेमकं तेच करावं लागतं, हा बरोबर आहे का, मोठ्या डेटावर आडवा होईल का, हे कोणीतरी बघायला लागतं आणि तुमच्या टीममध्ये ते तुम्हीच बघत असणार. आणि ४बी मधला जो सर्वात मोठा भाग, सॅटिस्फायबिलिटी, तो काही कपाटातला विषय नाही. हो किंवा नाही अशा किमतींच्या भरपूर अटी आहेत, सगळ्या एकाच वेळी पाळता येतील का, इतकाच प्रश्न. १९७१ मध्ये स्टीफन कुक यांनी दाखवलं की अवघड प्रश्नांचं एक मोठं कुटुंबच या एका प्रश्नात उतरवता येतं. आणि तरीही व्यवहारात आज याचे सॉल्व्हर, म्हणजे हा प्रश्न सोडवणारे प्रोग्राम, प्रचंड आकाराच्या अटी सोडवतात, चिपचं डिझाइन तपासायला वापरतात, आणि कुठल्या पॅकेजचं कुठलं व्हर्जन कशाशी जुळतं हे ठरवायला काही पॅकेज मॅनेजर, म्हणजे तयार कोड आणून बसवणारे प्रोग्राम, तेसुद्धा आतून हेच करतात. त्या मुलाने गेल्या आठवड्यात व्हर्जन जुळत नाही म्हणून डोकं आपटलं असेल तर त्याला हा भाग दाखवा.

खरं तर चौथ्या खंडाला एवढा उशीर झाला त्यातही हेच आहे. १९७३ नंतर कॉम्बिनेटोरियल अल्गोरिदमचा, म्हणजे असंख्य जुळण्यांमधून हवी ती शोधायच्या पद्धतींचा, विषयच इतका फुगला की लिहून होईपर्यंत नवीन येत राहिलं. मध्येच १९७७ मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली, नव्या पद्धतीच्या छपाईत गणित इतकं वाईट दिसत होतं की कनूथ यांनी लिहिणं बाजूला ठेवून स्वतःच टाइपसेटिंगचा (छपाईची पानं जुळवायचा) प्रोग्राम करायला घेतला, त्याचं नाव टेक (TeX). वर्षभराचं काम वाटलं होतं, गेली जवळपास दहा वर्षं. आज जगभर गणिताचे पेपर त्यातच लिहिले जातात. कामात असं आडवाटेला जाणं तुम्हाला अठरा वर्षांत कितीदा झालं असेल, त्याला तुम्ही वाया गेलेली वर्षं म्हणू नका.

बरं, आता करायचं काय. ४बी चं प्लास्टिक काढा. सुरुवातीची गणिताची उजळणी, संभाव्यतेची, ती सध्या सोडा. बॅकट्रॅकिंगवर या, तिथे पहिल्यांदाच वजिरांचं कोडं भेटेल, बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर असे ठेवा की कोणी कोणाला मारणार नाही. हे तुम्ही कॉलेजात केलेलं असणार, त्यामुळे हात बसलेला आहे. त्याच्या पुढे डान्सिंग लिंक्स. मला या पुस्तकातली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. समजा माणसं एकमेकांचे हात धरून रांगेत उभी आहेत. मधला एक बाजूला झाला आणि त्याच्या दोन्ही बाजूच्यांनी एकमेकांचे हात धरले. पण बाजूला झालेला विसरलेला नाही, आपण कोणाच्या मधे होतो ते त्याला आठवतंय, त्याचे स्वतःचे पॉइंटर, म्हणजे शेजारी कोण ते सांगणाऱ्या खुणा, तसेच आहेत. परत घ्यायचं तर शोधाशोध नाही, कॉपी नाही, दोन असाइनमेंट आणि तो जागेवर. ही युक्ती १९७९ मध्ये दोन जपानी संशोधकांनी वजिरांच्याच कोड्यासाठी मांडली होती आणि २००० मध्ये कनूथ यांनी तिच्यावर लेख लिहून तिला सगळीकडे नेलं. सुडोकूही याच साच्यात बसतो, ७२९ पर्याय आणि ३२४ अटी, प्रत्येक अट बरोबर एकदाच पूर्ण व्हायला हवी.

वही-पेन्सिल घेऊन बसा, स्क्रीन नंतर. व्यायामांच्या पुढचे आकडे आधी समजून घ्या कारण बरेच जण तिथे घाबरतात, १० म्हणजे मिनिटभराचं, २० म्हणजे पंधरा-वीस मिनिटांचं, ३० ला दोन तासांहून जास्त, ४० म्हणजे प्रोजेक्ट आणि ५० म्हणजे अजून कोणालाच न सुटलेलं. पहिल्या खंडात फर्माचं शेवटचं प्रमेय आधी ५० होतं, ते सिद्ध झाल्यावर नव्या आवृत्तीत ४५ केलं. तुम्ही २० च्या आतले करा, महिन्यातून दोन झाले तरी पुष्कळ. अडलात तर मागे उत्तरं आहेत, आणि उत्तर बघणं म्हणजे लबाडी असं समजू नका, पुस्तकातली निम्मी मजा त्या उत्तरांत आहे. पहिल्या तीन खंडांकडे वळाल तेव्हा मिक्स नावाच्या काल्पनिक मशीनच्या भाषेतले प्रोग्राम दिसतील, ते पहिल्यांदा सोडा, त्यांच्या आधी अल्गोरिदम साध्या पायऱ्यांमध्ये लिहिलेला असतो तेवढा पुरतो. ज्यांच्या कपाटात अशीच जाड पुस्तकं पडून आहेत, मग ती कुठल्याही विषयाची असोत, त्यांनीही हेच करून बघा, आत्ता कामात जे अडलंय त्याच्याशी जुळणारं एक प्रकरण शोधायचं आणि तिथूनच घुसायचं.

जमलं तर त्या मुलालाही सोबत घ्या. आठवड्यातून एक तास, दोघांत एक व्यायाम. तो एआयला विचारून उत्तर आणेल तर आणू दे, मग ते बरोबर आहे का हे दोघांनी मिळून तपासा.

आणि डान्सिंग लिंक्स लिहाल तेव्हा दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. वजिरांच्या कोड्यात प्रत्येक आडवी आणि उभी रांग भरायलाच हवी पण तिरक्या रेषा रिकाम्या राहिल्या तरी चालतात, तो फरक कोडमध्ये वेगळा ठेवावा लागतो. आणि ज्या क्रमाने काढलंत त्याच्या बरोबर उलट्या क्रमाने परत जोडायचं. आठ वजिरांची उत्तरं ९२ यायला हवीत. कमी-जास्त आली तर आधी तो उलटा क्रम तपासा, माझं तिथेच चुकलं होतं. आणि ९२ आली की मला कळवा, मी खरंच वाट बघतेय.